धारेच्या गाडीला किती आवाज लागतो

३ मार्च, सोमवार

ठके,

सगळ्यात आधी खुर्चीवाला आला. बोलावलं होतं जावईबापूंना, तुझ्या आतोबांना, पण गल्लीत कुणाकडे काही घ्यायचं निघालं की याला वास लागतो. हा तोच, समारंभांना खुर्च्या, दिवे आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारा. लहान असताना तू त्याच्या खुर्च्यांच्या थप्पीवर चढून बसायचीस आणि उतरवायला मला पाठवायचे. आल्या आल्या त्याने हातगाडीवरून एक मशीन ओढत आत आणलं आणि मधल्या खोलीत ठेवलं. आपली कपड्यांची पेटी आहे ना, तेवढं. वर ओळीने बटणं, मधे लाल दिवा. मी त्यावर फडकं टाकलं, धूळ नको बसायला.

तर आपल्या धारेच्या गाडीवर भोंगा बसवायचा ठरला आहे. तुझे आजोबा पायाने चाक फिरवत गल्लोगल्ली हिंडले, सुऱ्या-कात्र्यांना धार लावली. तुझ्या आईने गाडी घेतली, मागच्या हौद्यात मोटरवर फिरणारं चाक बसवलं, सगळं पुढे गेलं. ओरडणं तेवढं आजोबांच्या वेळचंच राहिलं होतं. आता भाजीवाल्याच्या गाडीवर भोंगा, भंगारवाल्याच्या गाडीवर भोंगा, मग आपणच का मागे राहायचं, एवढंच कारण. दुसरं काही कारण नाही. तुझा बाप बोटीवर, तो परत येईपर्यंत थांबलं तर भोंग्याची फॅशन जायची.

भोंगा जावईबापूंनी आणून दिला, तो चांगला आहे, भोपळ्याच्या फुलासारखा दिसतो. पण नुसत्या भोंग्यातून आवाज येत नाही म्हणे, मागे ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारं मशीन, लागतो. घोडं तिथे अडलं आहे. जावईबापूंनी बंद पडलेल्या बसमधून काढलेलं एक मशीन आणलं. खुर्चीवाल्याने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि यातला साबण कुठे आहे म्हणून विचारलं. त्यावर जावईबापू काय बोलले ते कळलं नाही, पण खुर्चीवाल्याने चहा अर्धा टाकला, म्हणजे लागेल असंच काहीतरी असणार. जावईबापूंचं हे असंच, ओठ हलवायचे आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं. हल्ली सगळ्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. खुर्चीवाला मात्र शब्द कसा सुटा सुटा टाकतो. त्याच्याशी बोललं की पोट भरतं.

तू दिवसभर दुकानात हीच मशीनं उघडून बसतेस, तेव्हा तू सांगशील ते घेऊ. तुझ्या आईलाही तसंच वाटतं. ती बरी आहे. फोनवर येत नाही म्हणून रागावू नकोस, तिला वेळ नसतो. मीही येणार नाही, फोनमध्ये तूसुद्धा पुटपुटतेस. कागदावर बाई स्वच्छ बोलतेस.

तुझी,
आजी


७ मार्च, शुक्रवार

आजी,

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मालकांना खुर्चीवाल्याला भेटायची इच्छा आहे. मशीनवर फडकं टाकू नकोस, ते तापतं.

आता नीट वाच. किती आवाज लागतो हे गाडीवर ठरत नाही, गल्लीवर ठरतं. आपल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती. आवाज भिंतींना आपटत आपोआप वर चढतो, म्हणून मशीन लहान पुरे. भोंग्याच्या मागच्या बाजूला दोन आकडे कोरलेले असतात, एक वॅटचा आणि एक ओहमचा. मशीनवरचा ओहमचा आकडा तोच हवा, वॅटचा तेवढा किंवा थोडा कमी चालेल. खुर्चीवाल्याचं मशीन आपल्या भोंग्याला जोडलंत तर भोंगा आतून जळेल. आतोबांचं बसमधलं मशीन सीटवर बसलेल्या माणसाला गाणी ऐकवण्यासाठी असतं, भोंग्याशी त्याचं जमणार नाही. हे आतोबांना गोड शब्दांत सांग.

सगळ्यात मोठी गोष्ट बॅटरीची. आईची मोटर गाडीच्या बॅटरीवर चालते. मशीनही त्याच बॅटरीवर चालणार. मशीन खादाड निघालं तर मोटर उपाशी राहील आणि मग गाडीही सुरू होणार नाही. बारा व्होल्टचं, लहान, माइकला बटण असलेलं मशीन मागा. विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळेल.

घेण्याआधी चालवून बघा. मशीन गाडीत, ऐकणारं माणूस गल्लीच्या टोकाला. ऐकायला तू उभी राहू नकोस. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना सांग, नाहीतर आतोबांना. तू नको.

आणि आईला भोंगा कशाला? ती हाक मारते तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बायका कात्री घेऊन खाली येतात. माझ्या फोनला ती उत्तर लिहून पाठवते. फोन हातात असून बोलत का नाही?

ठकी


१२ मार्च, बुधवार

ठके,

माझ्या गुडघ्यांची तुला एवढी काळजी आहे हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. उभी राहू नकोस म्हणालीस, म्हणून मी उभी राहिलेच नाही. खुर्चीवाल्याने हातांची खुर्ची आणून दिली, ती गल्लीच्या टोकाला मांडली आणि मी बसून ऐकलं.

ठरलं असं की तुझी आई गाडीशी थांबणार, जावईबापू माइकवर बोलणार आणि मला ऐकू आलं की मी हात वर करायचा. खुर्चीवाला म्हणाला की आजींना ऐकू आलं म्हणजे अख्ख्या गावाला येईल. पहिल्यांदा तू सांगितलंस तसलं लहान मशीन लावायचं होतं, दुकानातून आणलेलं. गल्ली अगदी शांत. तुझी आई माझ्याकडे बघते आहे, मी तिच्याकडे बघते आहे. बराच वेळ गेला. शेवटी जावईबापू चालत माझ्यापर्यंत आले आणि हाताने विचारलं काय म्हणून. म्हटलं, लावा की. तर म्हणे लावलंय.

तेव्हा ते परत केलं. तू शिकलेली आहेस, पण तुझ्या दुकानात खोलीत ऐकतात, गल्लीत ऐकणं वेगळं. मग बसमधलं लावलं. लांब कोणी पोतं ओढत असल्यासारखं काहीतरी आलं. मी हात अर्धा वर केला, जावयाचं मन मोडायला नको म्हणून. मग खुर्चीवाल्याने आपलं मशीन लावलं. आपला भोंगा जळेल हे तुझं म्हणणं मी त्याला सांगितलं होतं, तर त्याने स्वतःचे चार भोंगे गाडीच्या चारही बाजूंना बांधले. एका बॅटरीने भागेना म्हणून स्वतःची आणखी एक जोडली. आणि ठके, काय सांगू. कानात नाही, थेट छातीत आलं. शब्द न् शब्द. मी दोन्ही हात वर केले. खिडक्या-खिडक्यांत माणसं आली होती, तीही हात वर करत होती. एकमताने ठरलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी पुढे बसले. माइक माझ्याकडे, कारण तुझ्या आईला बोलायचं नाही. पहिल्या गल्लीत मी नुसतं ‘सुरीला धार’ म्हटलं आणि अख्खी गल्ली खाली आली. तुझी आई इतकी वर्षं ओरडते, कधी एवढी माणसं आली नव्हती. एक पाववाला सायकलवरून उतरून पाव गोळा करायला लागला, तेवढीच त्याला मदत केली. सगळे तुझ्या आईशी एकदम बोलत होते, काही लोक तर हात जोडत होते. सुरी कुणीच आणली नव्हती, पण मी म्हटलं, घाईत विसरले असतील. तुझी आई खूण करून मला थांब थांब म्हणत होती. तिचं सगळं हळूबाई, ती धंदा कसा करते देव जाणे.

शिंपीणबाईंची मोठी कात्री चाकावर धरली आणि चाक फिरेनासं झालं. एक पातं धारदार, एक बोथट, अशी कात्री. मग गाडीही सुरू होईना. खुर्चीवाल्याची बॅटरी संपली होती, आपलीही संपली होती. तू बॅटरीचं काही लिहिलं होतंस, ते जावईबापूंना वाचून दाखवायचं राहिलं. लोक फार चांगले. ज्यांनी हात जोडले होते त्यांनीच ढकलत गाडी घरापर्यंत आणली, खूप आनंदाने.

तुझी,
आजी

ते तुझ्या आईला बोलायचं नाही असं वर लिहिलं आहे, ते वाचलं नाहीस असं समज. तिने मला शपथ घातली होती. पेनाने लिहिलं आहे, खोडलं तर जास्तच दिसेल.


१५ मार्च, शनिवार

आजी,

वाचलं.

मशीन खुर्चीवाल्याला परत कर. लोकांसमोर पुन्हा माइक धरू नकोस. आपल्या भोंग्याचे आकडे मी आतोबांकडून मागवून घेतले, त्याला जुळणारं लहान मशीन आजच पार्सलने पाठवते आहे. त्यात एक वाक्य भरून ठेवता येतं, बटण दाबलं की तेच तेच बोलतं, कुणाला घसा फोडावा लागत नाही. आवाजाच्या बटणावर मी पांढरा ठिपका काढला आहे. त्याच्यापुढे कुणीही, म्हणजे कुणीही, फिरवायचं नाही. ऐकून बघायचं नाही. मी ऐकलं आहे.

आईला काय झालं ते सगळं लिही. शपथेचं मी बघून घेईन.

ठकी


२१ मार्च, शुक्रवार

ठके,

तुझं मशीन आलं. डब्याएवढं आहे. पार्सल उघडून मी बाकीचं कुठे आहे ते शोधत होते. जावईबापूंनी बसवलं, आकडे जुळले म्हणाले, निदान मला तसं वाटलं. खुर्चीवाला आपलं घेऊन गेला. जाताना तोंड पाडलं होतं, पण म्हणाला की तुमच्या गाडीने माझ्या मशीनची जाहिरात फार झाली, गावात आता सगळे विचारतात ते कुणाचं होतं.

त्यात वाक्य मीच भरलं. तुझ्या आईला भरायचं नव्हतं आणि जावईबापूंचा आवाज कुणाला ऐकू आला असता. एकच वाक्य भर म्हणालीस, तसं मी एकच भरलं, जरा लांब झालं. ‘सुरीला धार, कात्रीला धार, खाली या, पण लहान मुलांच्या हाती कात्री देऊन पाठवू नका, आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, तुमची मोठी कात्री आमच्याकडेच आहे, काळजी करू नका.’ खोडता येत नाही म्हणे, म्हणजे येतं, पण कसं ते कुणाला माहीत नाही. तेव्हापासून गाडी जाईल तिथे हेच बोलते. नदीपलीकडच्या लोकांनीही तुझ्या आईला विचारलं, शिंपीणबाईंची कात्री पोचली का. पोचली कधीच. पण लोक सुऱ्या घेऊन खाली येतात, सावकाश, चपला घालून. तुझी आई हाताने दाखवते, लोक हाताने उत्तर देतात, चाक फिरत राहतं. मी गाडीत बसते. मला त्या डब्यातून काही ऐकू येत नाही, पण लोक येतात खरे. तेव्हा तुझं बरोबर होतं, मी मानते.

आता तुझ्या आईचं. थंडीपासून घसा बसलेला. आधी काढे केले, मग गुळण्या, मग ती घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, मीही गेले सोबतीला. नळी घालून आत बघितलं. आवाजाच्या पडद्यांवर दाण्याएवढ्या गाठी आहेत, मोठ्याने बोलून बोलून झाल्यात. हे मी कागदावर वाचलं. मोठ्याने बोलणं पूर्ण बंद करा, नाहीतर कापावं लागेल, आणि कापल्यावर आवाज परत येईलच असं नाही. म्हणून भोंगा. तुझी नवी नोकरी, तू सगळं टाकून पळत येशील, म्हणून तिने मला शपथ घातली.

आता मला एक कोडं पडलंय ते तुला विचारते, तू हुशार आहेस. गाडीवर तर ती ओरडतच नाही, भोंगा बोलतो. तरी काल पुन्हा दाखवायला गेलो तर गाठी तशाच. उलट एक मोठी झाली. डॉक्टरीणबाई रागावल्यासारख्या दिसल्या. त्यांनी तुझ्या आईला काही विचारलं, तुझी आई माझ्याकडे बघून जराशी हसली, मीही हसले. डॉक्टरीणबाई पण माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की घरी आम्ही दोघीच असतो, तिला काही त्रास नाही, दिवसभर आम्ही आपल्या छान गप्पा मारतो. महिनाभर बघू, मग कापू, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

तर ओरडणं बंद असून घसा का बसतो?

तुझी,
आजी


२५ मार्च, मंगळवार

आजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुला ऐकू येत नाही. आजचं नाही, बरीच वर्षं. लोक पुटपुटत नाहीत. आतोबा व्यवस्थित बोलतात. लहान मशीन गल्लीच्या टोकाला सगळ्यांना ऐकू आलं होतं.

माझ्या ओळखीचे दोघं कानाच्या मशीनचं काम करतात, घरी येऊन तपासतात. त्यांना पाठवू का? तोही ॲम्प्लिफायरच असतो, मी पाहिलेला सगळ्यात लहान. बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी. कानामागे बसतो, केसांत दिसत नाही.

रागावू नकोस.

ठकी


२९ मार्च, शनिवार

ठके,

मला सगळं ऐकू येतं.

बाकी खुशाली.

आजी


३ एप्रिल, गुरुवार

आजी,

ठीक आहे. मग तुझ्या कोड्याचं उत्तर देते, तू विचारलं होतंस.

मी आईला लिहून विचारलं, डॉक्टरीणबाई त्या दिवशी काय म्हणाल्या. तिने सांगायला चार दिवस लावले आणि तुला कळू देऊ नकोस असंही लिहिलं. या घरात शपथा फार झाल्या, म्हणून मी मोडते. त्यांनी विचारलं होतं, दिवसभरात तुम्ही मोठ्याने सगळ्यात जास्त कुणाशी बोलता. आई म्हणाली, सासूबाईंशी.

गल्लीत ती सकाळी थोडा वेळ ओरडायची. घरात ती उठल्यापासून ओरडते. चहा झाला, जेवण झालं, दार वाजतंय, ठकीचं पत्र आलंय, सगळं ओरडून. तिने लिहून दाखवलं तर तू म्हणतेस चष्मा कोण शोधणार, तूच सांग. मग ती सांगते. तुझ्या गप्पा छान होतात, कारण अर्ध्या गप्पा ती घसा ताणून मारते. भोंगा आपण गाडीवर लावला, आजी, लावायला हवा होता मधल्या खोलीत.

त्या दोघांना मी पाठवते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

ठकी


१२ एप्रिल, शनिवार

ठके,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि पत्रांच्या डब्यात ठेवलं. मग मी बोलायचं बंद केलं. हे माझ्या डोक्यातून निघालं. मी काही बोललेच नाही तर तिला उत्तर द्यायला लागणार नाही, घसा आपोआप बरा होईल, मशीनबिशीन काही नको. सकाळी उठले, गप्प. चहा घेतला, गप्प. शिंपीणबाई आल्या, त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. तू मला ओळखतेस, मला किती जड गेलं असेल बघ. खिडकीतून दोन बायका भांडताना दिसल्या, त्याबद्दलसुद्धा काही म्हटलं नाही.

दुपारपर्यंत तुझ्या आईला वाटलं मला काहीतरी झालंय. तिने माझा हात धरला, जीभ बाहेर काढायला लावली. मी गप्प. मग ती घाबरली आणि एवढ्या जोराने ओरडली की खुर्चीवाला धावत आला. अहो आई, बोला काहीतरी, असं काहीसं. मला ते ऐकू आलं, ठके, आणि मधेच तिचा आवाज फाटला तेही दिसलं. नंतर तिने गळ्याला हात लावला आणि खाली बसली. त्या दिवशी पुन्हा आवाज फुटला नाही.

म्हणून ती माणसं आली तेव्हा दार मी उघडलं.

आज आली. एक उंच माणूस आणि एक मुलगी. दोघंही फार नम्र, चपला बाहेर काढल्या. त्याने माझ्या कानांवर टोप्या चढवल्या आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मी बराच वेळ तशीच बसले. मग त्याने माझ्याकडे बघितलं की मी बोट वर करायला लागले, बिचारा एवढ्या लांबून आलाय. त्या मुलीने त्याला पाठ करून बसायला सांगितलं. मग कागदावर जी रेघ निघाली ती जिन्यासारखी खाली खाली गेलेली होती. तुझी आई ती बघत राहिली.

मग नमुन्याचं मशीन कानात घातलं. बटणाएवढं म्हणालीस, पण वेळेला जीव घाबरा करतं. आधी सगळा खडखडाट. माझं लुगडं आवाज करतं, तुला माहीत होतं? पंखा रडतो. खुर्चीवाला दाराशी उभा होता, त्याने तब्येत विचारली आणि मी कानावर हात ठेवला. केवढा ओरडतो तो माणूस, इतकी वर्षं कुणी त्याला सांगितलं कसं नाही. जावईबापू आले होते, ते हळूच म्हणाले की या वयात खर्च कशाला. व्यवस्थित बोलतात, तू म्हणतेस ते खरं आहे. मी म्हटलं, खर्च माझा मुलगा करतोय, तुम्ही चहा घ्या. त्यांचा चहा सांडला.

तुझी आई मघाच बाहेर जाऊन गाडी पुसत होती, तिने सवयीने भोंग्याचं बटण दाबलं. कोणीतरी बाई कर्कश आवाजात शिंपिणीच्या कात्रीबद्दल भांडायला लागली. मी त्या मुलीला विचारलं, ही कोण. ती म्हणाली, आजी, तुम्हीच. ठके, ते काहीतरी करून खोड आणि दुसरं भर. लोक एवढे दिवस ऐकून घेतात म्हणजे धन्य आहे त्यांची.

मग तुझी आई आत आली. तिला वाटलं मशीन अजून चालू केलेलं नाही. ती त्या मुलीशी बोलत होती, पाठ माझ्याकडे. श्वासाएवढ्याच आवाजात म्हणाली, ‘त्यांना दुखत तर नाही ना कानात?’

मी म्हटलं, ‘नाही दुखत.’

ती वळली. मग तिने तशाच बारीक आवाजात विचारलं, ‘अहो आई, चहा ठेवू का?’ मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, ‘साखर घालू का?’ चहात साखर ती रोजच घालते. मी पुन्हा हो म्हटलं. मग तिने बिस्किटं विचारली, खिडकी लावू का विचारलं, उशी हवी का विचारलं, आणि मी सगळ्याला हो म्हणत गेले. तिचा आवाज घोगरा झालाय, पण खाली एक मऊ आवाज आहे. लग्न होऊन आली तेव्हा असाच होता. मधे कधी गेला ते मला कळलं नाही. मला वाटायचं वयाने माणसं रागीट होतात, तशी ही झाली. एवढी वर्षं मी शिंपीणबाईंना सांगत आले, सून चांगली आहे, फक्त बोलते रागावल्यासारखं.

त्या मुलीने मशीन काढून घेतलं, कारण ते दाखवायचं होतं, माझं नव्हे. माझ्या कानाचा साचा त्यांनी गुलाबी मेणात घेतला, त्यावरून माझं बनणार. काढल्यावर घर एकदम रिकामं झालं, पंख्याचं रडणंही गेलं. दारापर्यंत पोचवायला मी गेले. तुझी आई काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, आता बोलू नकोस, जपून ठेव, माझं आल्यावर सांग. तिने मान हलवली आणि पाटीवर लिहायला बसली. मी चष्मा शोधला.

ते माझं मशीन घेऊन गुरुवारी सकाळी परत येतो म्हणाले.

तुझी,
आजी